माताजींच्या हातातला हातोडा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तुम्ही अणुभट्टीत काम केलंय, त्यावर लिहा." मी म्हटलं, अणुभट्टी मी फक्त कॅलेंडरवर पाहिली आहे. त्यांना वाटलं, मी विनयानं बोलते आहे. विनय माझ्यात कितपत आहे ते आमच्या घरी कुणालाही विचारा. माझी सगळी नोकरी जबलपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेली. त्या शेडमध्ये आम्ही दूरच्या एका अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामासाठी लोखंडी प्लेटा बनवायचो आणि मी तिथे क्वालिटी कंट्रोल इन्स्पेक्टर होते. म्हणजे काय, तर बाकीचे सगळे बनवायचे आणि मी 'नको' म्हणायची.

माझ्या सासूबाईंनी मात्र पनागरच्या नातेवाइकांत "आमची सून बाँबच्या कामावर आहे" असं सांगून ठेवलं होतं. जबलपुरात घरोघरी कुणी ना कुणी तोफांच्या नाहीतर दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे कुणाला त्याचं नवलही वाटलं नाही. लग्नकार्यात बायका मला जरा अंतर ठेवून हळद लावायच्या, एवढंच.

तर आधी ती प्लेट समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. प्लेट म्हणजे पोळपाटाहून थोडी मोठी, चांगली जाड, चौकोनी. तिच्या पाठीवर वीतभर लांबीचे लोखंडी खुंट वेल्ड केलेले असतात, त्यांना स्टड म्हणतात. भिंतीचं काँक्रीट ओतण्याआधी या प्लेटा साच्याला आतून बांधायच्या, तोंड बाहेर आणि पाठ आत. काँक्रीट घट्ट झालं की स्टड भिंतीत गाडले जातात आणि बाहेर उरतो नुसता सपाट चेहरा. त्या चेहऱ्यावर पुढे पाइप टांगतात, केबलचे रॅक टांगतात. सगळा भार मागच्या स्टडांवर. आणि भिंत एकदा ओतली की मागे कुणालाही डोकावता येत नाही.

स्टड बसवायला बंदुकीसारखं यंत्र असतं. खुंट त्याच्या तोंडात धरायचा, बुडाशी चिनीमातीची एक कडी ठेवायची आणि घोडा दाबायचा. लखकन उजेड होतो, लोखंड वितळतं, खुंट त्यात रुततो आणि ती कडी वितळलेलं लोखंड बाहेर सांडू देत नाही. मग कडी फोडून फेकायची. या कडीला फेरूल म्हणतात आणि ती खडखडीत कोरडी लागते. जरा ओलसर असली की वाफ होऊन वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. जोड वरून छान दिसतो, आतून पोकळ.

मग माझं काम. मी हातोडीनं स्टड वाजवत जायची. पक्का जोड टणकन बोलतो, कच्चा भद्द करतो. शंका आली की मोठा हातोडा घ्यायचा आणि स्टड वाकवायचा. वाकला पण तुटला नाही तर पास. तो तसाच वाकडा भिंतीत जातो, कुणाची हरकत नसते. तुटला तर नापास. पास झालेल्या प्लेटच्या कडेला मी माझा पंच ठोकायची. हा बोटाएवढा पोलादी तुकडा, टोकाला माझी खूण कोरलेली. ती खूण उमटल्याशिवाय प्लेट शेडबाहेर जात नसे. आमच्या कारखान्यातलं सगळं राजकारण या बोटाएवढ्या तुकड्याभोवती फिरायचं.

आता मला पगार कोण द्यायचं? ज्यांच्या प्लेटा मी नापास करायची, तेच सेठजी. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईनं यजमानाला जेवू घालायचं आणि वर त्याच्याच पाहुण्यांना सांगायचं की आमटी बिघडली आहे, जेवू नका, तशी ही नोकरी. प्रकल्पाच्या साइटवरूनही कधीमधी इन्स्पेक्टर यायचे, पण रोजचा धोंडा माझ्याच गळ्यात.

दबाव म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी टेबलावर मूठ आपटत असेल. आमच्याकडे तसं काही नव्हतं. सेठजी गोड माणूस. ते कधी ओरडले नाहीत, फक्त उसासा सोडायचे. सकाळी एक उसासा, जेवणानंतर एक, ट्रेलर दारात उभा असला की मोजायचं बंद. आणि प्रॉडक्शन मॅनेजर तिवारीजी दबाव आणायचे तो स्वतःच्या ब्लडप्रेशरचा. प्लेट नापास झाली की माझ्यासमोर मनगट धरायचे, "मैडम जी, नाड़ी देख लीजिए, फिर जो ठीक लगे कीजिए." मी नाडी बघायची, तब्येतीची काळजी घ्या म्हणायची आणि प्लेटवर खडूनं फुली मारायची. मग खव्याची जिलबी यायची. मी जिलबी खायची आणि फुली तशीच ठेवायची. जिलबी नाकारण्याइतकी कडक मी कधीच नव्हते.

एकदा या लोकांनी कमाल केली. राइट टाउनच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिथे मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणं आलं. मी इतकी हरखले की नवी साडी काढली. नंतर कळलं की बोलावणं तिवारीजींनी जमवलं होतं. त्यांची मेहुणी तिथे शिकवायची. बेत असा की मी हारतुरे घेत असताना इकडे टेबलाच्या खणातून पंच काढायचा, राहिलेल्या प्लेटांवर ठोकायचा आणि ट्रेलर सोडायचा. पण पंच खणात नव्हताच, तो माझ्या पर्समध्ये, मी पर्ससकट व्यासपीठावर. भाषण करता करता बघते तो तिवारीजी पहिल्या रांगेत येऊन बसलेले, नजर माझ्या पर्सवर. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, कुणाला काही विचारायचं आहे का? तिवारीजी उठून म्हणाले, "मैडम जी, फैक्टरी कब लौट रही हैं?" टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, बाईंवाचून कारखान्याचं पान हलत नाही. एका परीनं खरंच होतं ते.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एकदाच असं झालं की माझी झोप उडाली, आणि ते झालं देवाच्या कृपेनं, अगदी शब्दशः.

आमचे फोरमन भाऊराव मूळचे अमरावतीकडचे. कारखान्यात विश्वकर्मा पूजा व्हायचीच, पण भाऊरावांना खंडेनवमीला यंत्रांची पूजा केल्याशिवाय चैन पडत नसे. वर्षानुवर्षं त्यांनी ती लावून धरली. सेठजींच्या आईंना ही मराठी पद्धत फार आवडली. या आईंना सगळे माताजी म्हणायचे. वय ऐंशीच्या घरात, कणा ताठ, आवाज असा की लेथ बंद न करता ऐकू यावा. कारखाना त्यांच्या नवऱ्यानं उभा केलेला. त्या फाटकातून आत आल्या की सेठजींपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे उभे राहायचे. पौर्णिमेला घाटावर जायच्या आणि तांब्याचा कलश भरून नर्मदेचं पाणी आणायच्या. त्या पाण्यावर घरातली पोरं परीक्षेला बसली, सुना बाळंत झाल्या आणि सेठजींनी कारखाना वाढवला, असा त्यांचा विश्वास.

त्या वर्षी ऑर्डर मोठी होती. खंडेनवमीला मी घरी कुळाचारात अडकलेली, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. यंत्रांना हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि माताजी म्हणाल्या की इतकं मोठं काम आहे तर एकेका वस्तूवर मैयाचं पाणी पडलं पाहिजे. स्टोअरमध्ये फेरूलची खोकी होती. भाऊराव म्हणाले, ही बंदच राहू द्या. माताजी म्हणाल्या, "बंद डिब्बे की भी कहीं पूजा होती है?" मग खोकी उघडली गेली. माताजींनी सढळ हातानं, एकही खोकं न वगळता, कुंकू घातलेला कलश रिकामा केला. खोकी पुन्हा बंद झाली. पाण्याला आत जायला वाट मिळाली, बाहेर यायला नाही.

दसऱ्यानंतर काम जोरात सुरू झालं. ट्रेलर आधीच येऊन उभा. साइटवर भिंतीचा साचा बांधून तयार, आमच्या प्लेटा पोचल्या की काँक्रीट ओतायचं. मी हातोडी घेऊन वाजवायला सुरुवात केली. पहिला स्टड भद्द. मला वाटलं, सणाचं खाऊन कान सुस्तावले असतील. दुसरा टणकन. तिसरा भद्द. मोठा हातोडा घेतला, एक टोला दिला, आणि स्टड असा सुटून गेला की पलीकडचा वेल्डर खाली वाकला.

तिवारीजींनी मनगट धरलं. या वेळी नाडी खरंच पळत होती.

त्यांनी कारणही लगेच शोधलं. "वोल्टेज. कल दोपहर को लाइट डिम हो रही थी. बिजली वालों का फॉल्ट है, मैडम जी." ऐकायला पटण्यासारखं होतं. जबलपुरात वीजमंडळावर काहीही ढकललं की लोक मान डोलावतात. आणि त्यात सोय अशी की व्होल्टेज पडलं ते एका दुपारी, तेव्हा त्या दुपारच्या चार प्लेटा बाद करायच्या आणि बाकी ट्रेलरभर माल रवाना. सेठजींनी उसासा सोडला, तो सुटकेचा.

मला मात्र चैन पडेना. मी जमिनीवर सांडलेले फोडलेल्या फेरूलचे तुकडे उचलून बघत बसले. पांढऱ्या चिनीमातीवर कुठेकुठे तांबूस डाग. वेल्डिंगनं काळं होतं, तांबूस होत नाही. एका तुकड्याच्या खाचेत तर चक्क कुंकू होतं. मी भाऊरावांना दाखवलं आणि त्यांचा चेहरा पाहूनच मला उत्तर मिळालं.

ते मला बाजूला घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं, "काका, मग फक्त दुपारच्या प्लेटा कशा? दसऱ्यानंतरची प्रत्येक प्लेट या खोक्यांतल्या फेरूलवर झाली आहे."

"हो ना जी, सगळ्याच झाल्या," भाऊराव म्हणाले. "पण मॅडम, माझं नाव घ्या पायजे तर, माताजीचं घेऊ नका. नर्मदामायच्या पाण्यानं जोड कच्चा झाला म्हणून सांगून राहिल्या का तुम्ही? जबलपुरात राहून?"

"मग काय सांगू?"

"व्होल्टेज काहून नाही चालत? त्याले काही आई-बाप आहेत का?"

खरं सांगते, मी क्षणभर विचार केला. पण व्होल्टेज म्हटलं की चार प्लेटा बाद, आणि पाणी म्हटलं की सगळ्याच्या सगळ्या हातोड्याखाली. कारण बदललं की निकाल बदलत होता. यातली एक जरी कच्ची प्लेट भिंतीत गेली तर तिच्यावर उद्या काय टांगतील ते मला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना टांगायचं त्यांना पाठीमागचं ठाऊक असणार नव्हतं.

मी सेठजींच्या केबिनमध्ये जाऊन सरळ सांगितलं.  ते म्हणाले, "मैडम, आप समझ रही हैं न, आप रिजेक्ट किसको कर रही हैं?" मी म्हटलं, "प्लेट को." ते म्हणाले, "साइट वाले रोज़ फोन कर रहे हैं. लेट हुए तो अगला ऑर्डर गया. और घर में मैं अम्मा से क्या कहूँ?"  शेवटी अगदी हळू, नेहमीसारखं गोड बोलून म्हणाले, "आज रात सोच लीजिए. नहीं तो दिवाली के बाद देखते हैं, इंस्पेक्टर किसको रखना है."

त्या दिवशी मी मोपेड चालवत घरी आले ती कुठून कुठे वळले ते आठवत नाही. ही नोकरी मला किती खेट्यांनी मिळाली होती ते मलाच माहीत. त्या काळी बाईला हातोडा देणारा दुसरा कारखाना गावात नव्हता. जिथे गेले तिथे मला ऑफिसात टायपिंगला बसा म्हणाले होते. आणि मला हा ठोकाठोकीचा धंदा मनापासून आवडायचा. त्या आवाजांवर माझा जीव होता. पंच काढून द्यावा लागेल या विचारानं मला रडू आलं, आणि आमच्या ह्यांना वाटलं स्कूटरवाल्यानं धक्का दिला.

हे शाळेत गणित शिकवायचे. सगळं ऐकून म्हणाले, "सेठजीले राग माताजीचा येऊन राहिला, काढून राहिले तुझ्यावर."

"ते कळतं हो. पण मी करू काय?"

"तुले माहीत आहे काय करायचं, म्हणून तर रडून राहिली. माहीत नसतं तर जेवली असती."

या माणसाशी संसार करणं सोपं नाही, पण तो चुकत नाही. मी जेवले आणि झोपले.

सकाळी शेडमध्ये पोचले तर फाटकाशी माताजींची गाडी. ट्रेलरला त्यांनी मुहूर्त काढून दिला होता, नारळही वाढवला होता, आणि ट्रेलर जागचा हलला नव्हता. त्या आत आल्या तशी यंत्रं बंद झाली. सगळे उभे. सेठजी केबिनमधून धावत आले.

"ट्रक काहे नहीं गया?" माताजींनी विचारलं.

"वोल्टेज, माताजी," तिवारीजी म्हणाले.

माताजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळल्या. "बिटिया, तू बता."

सगळी शेड माझ्याकडे बघत होती. सेठजींनी डोळे मिटून घेतले. भाऊराव एका ड्रिलिंग मशीनच्या मागे गेले. पण एकदा बोलायला लागले की मी थांबत नाही, ही माझी खोड तेव्हा कामी आली. मी म्हटलं, "माताजी, फेरूल गीले थे. अंदर से जोड कच्चे हैं."

"गीले कैसे हुए?"

"पूजा में."

कुणीतरी हातातला पाना खाली पाडला. माताजी म्हणाल्या, "मैया के जल से?"

"हाँ जी. लोहे को क्या पता, जल किसका है."

माझं मलाच वाटलं की आता घरी जावं.  माताजी मात्र हात पुढे करून म्हणाल्या, "दिखा."

मी हातोडा दिला. सेठजी "अम्मा, अम्मा" करत पुढे झाले, त्यांना एका नजरेनं थोपवलं गेलं. माताजींनी पदर कमरेला खोचला. पहिला टोला प्लेटवरच बसला, शेड दणाणली. दुसरा टोला स्टडवर. स्टड उडाला, तिवारीजींच्या कानाजवळून गेला आणि चहाच्या ट्रेमध्ये पडला. एक कप फुटला. माताजी वाकून तुटलेल्या जागेकडे बघत राहिल्या. बुडबुड्यांची जाळी उघडी पडली होती.

"जे तो अनरसा है," त्या म्हणाल्या.

मला हसू फुटलं. मी दाबायचा प्रयत्न केला, तो आणखी वाईट आवाज झाला. माताजी माझ्याकडे वळल्या, "दीवार में जाने के बाद इसको कौन देखता?"

"कोई नहीं, माताजी."

"हओ," एवढंच म्हणून त्यांनी हातोडा पुन्हा उचलला. "तो अभी देख लो. सबको ठोको."

आणि मग आमच्या शेडमध्ये जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ज्याला जे हाती लागलं ते घेऊन सगळे कामाला लागले. एकेक प्लेट टेबलावर चढायची, टोले पडायचे, स्टड उडाला की वेल्डर पोरं शिट्ट्या मारायची. स्टड टिकला की माताजी "शाबास" म्हणायच्या, जणू त्यानं काही पराक्रम केला. टिकणारेही पुष्कळ निघाले. खोक्याच्या तळाशी मैया पोचली नव्हती. सेठजी थोडा वेळ बाजूला उभे राहून बघत होते. मग कोट काढला, हातोडा मागून घेतला आणि एक स्टड तोडला. त्यांच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की त्यांनी लगेच दुसरा तोडला. शेवटी त्यांच्या हातातला हातोडा काढून घेऊन मला सांगावं लागलं, की सेठजी, हा पास झालेला आहे. दसरा होऊन गेला होता, पण आमच्याकडे रावण त्या दिवशी पडला.

साइटला फोन करायची पाळी सेठजींवर आली. तिकडचा इंजिनिअर इतका ओरडला की केबिनबाहेर आम्हाला शब्द ऐकू आले. त्यांनी दुसरी भिंत आधी ओतायला घेतली आणि आम्हाला जेमतेम मुदत दिली. आता एकही प्लेट पुन्हा मागे पडली तर ऑर्डर गेली, हे स्पष्ट सांगून फोन ठेवला. दिवाळीनंतरची गोष्ट सेठजींनी मागे घेतली नव्हती. मी विचारायला गेले नाही, ते बोलायला आले नाहीत.

सगळ्या प्लेटा घासून पुन्हा काम सुरू झालं. नवी फेरूल भट्टीत तापवून घ्यायची ठरली. ही भट्टी वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या ठेवायला असते, पण आमच्याकडे तिच्यात जेवणाचे डबे गरम व्हायचे. आता तिवारीजी स्वतः भट्टीसमोर पहाऱ्याला बसले आणि कुणाचा डबा आत जाऊ देईनात. लोक थंड पोळ्या खात त्यांच्याकडे बघायचे. भाऊराव मात्र माझ्याशी बोलेनात. त्यांनी हौसेनं लावलेली पूजा लोकांच्या थट्टेचा विषय झाली, याचं त्यांना लागलं. मला त्याची खंत आजही आहे. मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, पण त्यांची खंडेनवमी गेली ती गेलीच.

आणि माताजींना चटक लागली. त्या रोज येऊ लागल्या. माझ्या टेबलाशेजारी त्यांच्यासाठी वेताची खुर्ची मांडली गेली. मी स्टड वाजवायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. कान तिखट होता, ते मान्य करायलाच हवं. त्या मान हलवायच्या, मी पंच ठोकायची. दोन-चार दिवसांत असं झालं की लोक माझ्या पंचाकडे बघायचे बंद झाले आणि माताजींच्या मानेकडे बघू लागले. मला ते बोचायचं, पण गंमतही वाटायची, म्हणून मी काही बोलले नाही.

शेवटच्या दिवशी ट्रेलर भरत आला होता. शेवटच्या काही प्लेटा राहिल्या होत्या. मी एक वाजवली आणि माताजींनी डोळे उघडले. "जे नहीं. जे वाली रो रही है."

मी पुन्हा वाजवली. मला टणकन ऐकू आलं. जोडाची कड चहूबाजूंनी नीट होती. मी मोठा हातोडा घेऊन स्टड वाकवला, तो मुकाट वाकला. दुसरा वाकवला, तोही. प्लेट चांगली होती.

"रो रही है," माताजी म्हणाल्या. "निकाल दे."

आता मजा बघा. ज्या लोकांनी मला कच्च्या प्लेटा पास करायला हातापाया पडून सांगितलं होतं, तेच सगळे आता चांगली प्लेट नापास करायला सांगू लागले. तिवारीजी कानाशी लागले, "मैडम जी, एक प्लेट से क्या जाता है, रख दीजिए बाजू में." सेठजी म्हणाले, "अम्मा कह रही हैं तो..." आणि एक छोटा उसासा. भाऊरावसुद्धा इतक्या दिवसांचा अबोला सोडून म्हणाले, "बाप्पा, मॅडम, सोडा ना आता. कायले वाढवून राहिल्या?" पण साइटला एकेक प्लेट मोजून लागत होती. एक कमी म्हणजे पुन्हा तोच फोन, पुन्हा तीच ऑर्डर टांगणीला. आणि तसं नसतं तरी ती प्लेट चांगली होती. चांगलीला वाईट म्हणणं हे वाईटला चांगलं म्हणण्याइतकंच माझ्या हातून होणारं नव्हतं. मला भीती नव्हती असं मात्र नाही. माताजींच्या शब्दावर माझी नोकरी जायला दिवाळीचीही वाट बघायला लागली नसती.

मी पर्समधून पंच काढला, प्लेटच्या कडेला टेकवला आणि ठोकला. 

माताजी खूण उमटलेल्या जागेकडे वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "मेरी भी नहीं मानी?"

"नाही मानली, माताजी," मी म्हटलं. घाबरून मी हिंदी विसरले होते.

त्यांना ते समजलं. इतक्या वर्षांच्या मराठी शेजारानं न समजायला काय. त्यांनी बोटानं ती खूण चाचपली, मग सेठजींकडे बघून म्हणाल्या, "वो दिवाली के बाद वाली बात तूने की थी न इससे?"

सेठजींनी मान खाली घातली. ही बात त्यांच्या आईपर्यंत कुणी पोचवली ते मला आजतागायत कळलेलं नाही. भाऊराव मात्र तेवढ्यात पुन्हा ड्रिलिंग मशीनच्या मागे जाऊन उभे राहिले होते, एवढं मी पाहिलं.

"अब मुँह से मत निकालना," माताजी म्हणाल्या. आणि उठल्या. "और कल से मेरे लाने कुर्सी मत रखना इधर. मैं बैठती हूँ तो सब मेरा मुँह देखते हैं. इसका काम कौन देखेगा?"

एवढं बोलून त्यांनी ती वेताची खुर्ची स्वतःच उचलली. ऐंशी वर्षांची बाई, खुर्ची दोन्ही हातांनी पोटाशी धरून, ताठ चालत फाटकाकडे निघाली. मागे सेठजी, त्यांच्या मागे तिवारीजी मनगट धरून, सगळे "अम्मा, दीजिए, माताजी, दीजिए" करत. त्यांनी ती कुणालाही दिली नाही. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि पुढची प्लेट मला दोनदा वाजवावी लागली.